पेला गळतोय!

प्राथमिक शाळांतील विज्ञानाच्या तासावरचा आपल्या अंकातील लेख वाचला. प्रयोगशाळा नाही म्हणून प्रयोग होत नाहीत, हे त्यातले म्हणणे मात्र पटले नाही.

चौथीतल्या माझ्या नातीच्या वहीत ‘पदार्थाच्या अवस्था तीन’ हे उत्तर तीनदा लिहून घेतलेले आहे. गेल्या रविवारी स्टीलच्या पेल्यात पाणी आणि बर्फाचे खडे घालून तिच्यापुढे ठेवले. मुंबईची दमट हवा. पाच मिनिटांत पेल्याला बाहेरून घाम फुटला. ‘आजी, पेला गळतोय!’ मी गप्प राहिले. मग तिनेच आत कोकम सरबत ओतले आणि बाहेरचा थेंब बोटाने चाटून पाहिला. रंग नाही, चव नाही. म्हणजे पाणी आतले नव्हे! मग आले कुठून, यावर जेवण होईपर्यंत वाद चालला. हवेत न दिसणारी वाफ असते, ती गार पेल्यावर निवून तिचे पाणी होते, इथवर ती जवळजवळ स्वतःच पोचली.

याला प्रयोगशाळा कशाला? मानखुर्दचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र १९७४ पासून विज्ञान कसे शिकवावे यावरच काम करते आहे, तेही याच शहरात. अडते ते वेळेपाशी, आणि चुकीच्या उत्तरावर लगेच फुली मारण्याच्या सवयीपाशी (मीही शिक्षिका होते, मीही मारल्या आहेत). निदान आठवड्यातला एक तास परीक्षेतून मोकळा ठेवावा आणि वहीत उत्तराआधी मुलांचा अंदाज लिहू द्यावा, चुकीचा असला तरी.

– एक निवृत्त शिक्षिका, परळ