बाई, एकदा आभार मानू द्या

ती. बाईंना सा. न.

समोर बसून आभार मानायला गेलं की तुम्ही "चहा टाकू का?" म्हणून उठता, आणि फोनवर तर सरळ "बरं, ठेवते गं" म्हणता. म्हणून हे पत्र चारचौघांत लिहिते आहे. वाचणाऱ्यांत तुमच्या हाताखालून गेलेल्या पुष्कळ मुली असतील. त्यांना तुमचं नाव सांगायला नको. वाक्य फळ्यावर लिहून, चष्म्यावरून वर्गाकडे बघत "कर्ता कोण?" असं विचारणाऱ्या बाई म्हटलं की आमच्या अख्ख्या पिढीला कळतं.

मंडळाच्या वार्षिक कार्यक्रमात तासभर बोलायला मला जुन्या काळातल्या अभिनेत्री दुर्गा खोटे हा विषय मिळाला आणि मी वही घेऊन तुमच्या दारात आले. कुठून सुरुवात करू, एवढंच विचारायचं होतं. तुम्ही म्हणालात, "जन्मापासून नको, रूपापासून तर नकोच. घर कोणाच्या कमाईवर चालत होतं, तिथून सुरू कर." बाई, त्या एका वाक्यावर माझं सगळं भाषण उभं राहिलं. आणखीही काही उभं राहिलं, पण ते नंतर.

दुर्गाबाईंवर आजवर जे वाचलं, ऐकलं, त्यात त्या जवळजवळ प्रत्येक वाक्यात कर्म असतात. शांतारामबापूंनी त्यांना 'प्रभात' फिल्म कंपनीत आणलं, नशिबाने त्यांना सिनेमात ढकललं, प्रेक्षकांनी त्यांना डोक्यावर घेतलं. आणि जोडीला ते ठरलेलं कौतुक: चांगल्या घरातली, शिकलेली बाई पहिल्यांदाच पडद्यावर आली. त्यावर तुम्ही कपाटातून एक जुना अंक काढून कमलाबाई गोखल्यांचा फोटो माझ्यासमोर ठेवलात. फाळक्यांच्या 'मोहिनी भस्मासुर'मध्ये 1913 साली कमलाबाई आणि त्यांच्या आई दुर्गाबाई कामत, दोघींनी काम केलं होतं. त्या पोटासाठी नाटकमंडळीतून आलेल्या बाया. "त्यांचं घर वाईट होतं का गं?" एवढंच विचारून तुम्ही डाळ निवडायला बसलात. दुर्गाबाई खोट्यांचं मोठेपण सांगताना आधीच्या बायकांना खाली बसवायचं नाही, हे पथ्य मी तिथून पुढे पाळलं.

तरीही त्या कुठून आल्या ते सांगावं लागतंच, नाहीतर पुढची उडी केवढी होती ते कळत नाही. 14 जानेवारी 1905 चा जन्म, मुंबईतलं सधन लाड घराणं, कॅथीड्रल हायस्कूल, मग सेंट झेवियर्स कॉलेज. लग्न होऊन खोट्यांच्या घरी आल्या. बकुळ आणि हरिन हे दोन मुलगे. पुढे संसाराची आर्थिक घडी विस्कटली, ऐन तारुण्यात वैधव्यही वाट्याला आलं. माहेर-सासर दोन्ही नावाजलेलं, पण मुलं वाढवायची तर हातात स्वतःचा पैसा हवा. 1931 मध्ये 'फरेबी जाल' नावाच्या चित्रपटात छोटं काम केलं, ते अगदीच वाईट ठरलं आणि वर लोकांची बोलणी खावी लागली. इथे बहुतेक जणी घरी परतल्या असत्या. दुर्गाबाई पुढच्याच वर्षी कोल्हापुरात 'प्रभात'च्या 'अयोध्येचा राजा'मध्ये तारामती होऊन उभ्या राहिल्या.

तो चित्रपट तुमच्याकडे बसून पाहिला ती दुपार मला फार मोलाची. नातवाने टीव्हीला काहीतरी जोडून दिलं आणि तुम्ही रिमोट हातात घेऊन दर पाच मिनिटांनी चित्र थांबवत होता. एरवी मला अशा थांबवण्याचा राग येतो! पण तुम्ही दाखवत होता ते माझ्या डोळ्यांना एकटीने दिसलं नसतं. पार्श्वगायन तेव्हा आपल्याकडे आलेलंच नव्हतं. तारामतीचं गाणं पडद्यावरची बाई कॅमेऱ्यासमोर, त्याच क्षणी, स्वतःच्या गळ्याने म्हणते आहे. साजिंदे चौकटीबाहेर कुठेतरी दडवलेले, माइक जवळपास लपवलेला, त्यामुळे मान वळवायची तीही आवाजाचा हिशेब ठेवून. समोर हरिश्चंद्र म्हणून कोण, तर संगीत रंगभूमीवर मुरलेले गोविंदराव टेंबे, चित्रपटाचे संगीतकारही तेच. आणि हे सगळं दोनदा, कारण तोच चित्रपट हिंदीतही काढला जात होता. मराठीत प्रसंग झाला की हिंदीत. मुलाच्या मरणाचं रडणंसुद्धा दोन भाषांत. ते सांगताना तुम्ही म्हणालात, "याला देवदत्त म्हणायचं की मेहनत, ते तू ठरव."

आणि त्याच दुपारी तुम्ही जो धागा हातात दिलात, त्यावर कार्यक्रमात सगळ्यात जास्त टाळ्या पडल्या. त्या तुमच्या खात्यावर जमा करा. 1913 च्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये फाळक्यांना तारामतीसाठी बाई मिळेना, म्हणून उपाहारगृहात काम करणाऱ्या साळुंके नावाच्या तरुणाला लुगडं नेसवावं लागलं होतं. तीच कथा, तीच तारामती, आणि एकोणीस वर्षांनी पहिल्या मराठी बोलपटात ती झेवियर्समध्ये शिकलेली, दोन मुलांची आई करते. सभागृहात पुढच्या रांगेतल्या आजींनी शेजारणीला कोपराने ढोसलेलं मी स्टेजवरून पाहिलं.

इथून पुढे मी चित्रपटांची यादी वाचणार होते. तुम्ही म्हणालात, यादी कोणीही वाचेल, तू करार बघ. त्या काळी नट-नट्या कंपनीच्या पगारावर, कंपनीच्याच छपराखाली. दुर्गाबाई मात्र एका कंपनीच्या होऊन राहिल्या नाहीत. 'प्रभात'चं 'माया मच्छिंद्र' केलं, त्यात राणीच्या पायाशी खराखुरा चित्ता! मग थेट कलकत्ता. 1933 मध्ये न्यू थिएटर्ससाठी 'राजरानी मीरा', 1934 मध्ये ईस्ट इंडिया फिल्म कंपनीचा 'सीता', दोन्हींचे दिग्दर्शक देवकी बोस. 'सीता' व्हेनिसच्या महोत्सवापर्यंत पोहोचला. 1936 मध्ये पुन्हा 'प्रभात'कडे, तेव्हा कंपनी पुण्याला आली होती, आणि 'अमरज्योती'. 1937 मध्ये 'साथी'ची निर्मितीही स्वतः केली. जिथे काम, तिथे जायचं, करायचं, परतायचं. आज याला फ्रीलान्स म्हणतात आणि माझ्या भाचीला त्याचं फार अप्रूप आहे. तेव्हा, एका बाईने, मुलं घरी ठेवून मुंबईहून कलकत्त्याच्या गाडीत बसणं म्हणजे काय असेल याचा अंदाज मी माझ्या पहिल्या बदलीवरून करते आणि तोही तोकडा पडतो.

'अमरज्योती'तली सौदामिनी मला सगळ्यांत आवडली, हे तुम्हाला ठाऊक आहे. राज्याचा कायदा तिला तिच्याच मुलाचा ताबा नाकारतो आणि ती समुद्रावरची लुटारू होते. बाई असून तलवार चालवते याचं मला फारसं काही वाटलं नाही, असल्या राण्या पुढे पुष्कळ आल्या. पण मूल कोणाचं, हा प्रश्न 1936 च्या पडद्यावर विचारला जातो, आणि विचारणारी नटी स्वतः दोन मुलांना एकटीच्या बळावर वाढवत असते. तिच्या डोळ्यांत तिथे जे दिसतं त्याला अभिनय म्हणायला माझं मन कचरतं. तुम्ही म्हणालात, "अभिनयच तो. बाईला भोगल्याशिवाय काही येत नाही असं का धरून चालता तुम्ही लोक?" यावर आपलं एकमत झालेलं नाही, होईल असंही दिसत नाही.

एक गोष्ट मात्र तुमचीच, मी ती व्यासपीठावरून तुमचा उल्लेख करून सांगितली. 1941 मध्ये अत्र्यांच्या 'पायाची दासी'मध्ये दुर्गाबाई छळवादी सासू झाल्या. वय छत्तीस. दुसऱ्या वर्षी 'भरतमिलाप'मध्ये कैकेयी, त्यानंतर 'पृथ्वीवल्लभ'मध्ये सोहराब मोदींसमोर ताठ मृणालवती. म्हणजे सीता-तारामती करून झालेली बाई छत्तिसाव्या वर्षी प्रेक्षकांचे शिव्याशाप घ्यायला तयार झाली. गोडगोड नायिकेचं दुकान फार तर दहा वर्षं चालतं, हे त्यांनी वेळेवर ओळखलं असावं. म्हणून तर त्या पन्नास वर्षं टिकल्या. मधल्या काळात रंगभूमीही होती. मुंबई मराठी साहित्य संघाच्या 'भाऊबंदकी'त त्यांनी आनंदीबाई केली. ती पाहिलेली माणसं आता शोधून सापडत नाहीत.

उत्तरार्धातल्या आईच्या भूमिकांबद्दल मी थोडं कडक बोलले, ते काहींना रुचलं नाही. दोनशेच्या आसपास चित्रपट, आणि त्यातल्या कितीतरी ठिकाणी या बाईला पांढरी साडी नेसवून नुसती देवघरासमोर उभी केली आहे. 'मुघल-ए-आझम'मधली जोधाबाई वेगळी. नवरा आणि मुलगा यांच्यामध्ये ती अशी चिरडते की दोघेही तिच्यापुढे हट्टी पोरं वाटतात. तिथे अकबर पृथ्वीराज कपूर, 'सीता'मधले राम. तीन वर्षांनी 'द हाउसहोल्डर'मध्ये त्या पृथ्वीराजांचा मुलगा शशी याच्या आई, आणि गंमत म्हणजे तो चित्रपटही इंग्रजी आणि हिंदी असा दोनदा केलेला. मग 1973 मध्ये 'बॉबी'तल्या मिसेस ब्रगांझा, नातू ऋषीला लहानपणी सांभाळलेली दाई. आजोबांची राणी, मुलाची आई, नातवाची दाई. हे सांगितल्यावर सभागृहात जो हशा पिकला त्यात कौतुकच होतं, पण मला जरा टोचलं. कपूर घराण्याच्या तीन पिढ्यांतले पुरुष नायकच राहिले आणि बाईने मात्र दर पिढीला एक पायरी उतरायची. अर्थात मिसेस ब्रगांझा त्यांनी अशी काही रंगवली आहे की पायरी उतरल्याचं त्यांना स्वतःला कुठे जाणवलेलं दिसत नाही.

पुरस्कारांचं मी एका दमात उरकलं: 1968 मध्ये पद्मश्री, 'बिदाई'साठी सहायक अभिनेत्रीचं फिल्मफेअर, 1983 चा दादासाहेब फाळके पुरस्कार. कारण माझं लक्ष वेगळीकडे होतं. 1952 मध्ये त्यांनी स्वतःची संस्था काढली, तिथे माहितीपट, जाहिरातपट तयार होऊ लागले. पुढे त्यांच्याच दुर्गा खोटे प्रॉडक्शन्सने 1988 मध्ये दूरदर्शनसाठी 'वागले की दुनिया' ही मालिका काढली. वागले आपल्या सगळ्यांच्या घरचा, पण त्याच्या मागे तारामतीचं ऑफिस होतं हे सभागृहातल्या कितीजणींना माहीत होतं? हात वर करायला सांगितले, तर तुमचा एकटीचा वर. 1991 च्या सप्टेंबरात त्या गेल्या. शेवटची वर्षं अलिबागला काढताना त्यांनी मागे वळून आपल्या आयुष्याचा जमाखर्च मराठीत लिहूनही ठेवला होता, तोही आब राखून आणि आडपडदा न ठेवता.

आता ते दुसरं. तुम्हाला तेव्हा माहीत होतं की मी नोकरी सोडून बरीच वर्षं घरात होते आणि ह्यांच्या आजारपणानंतर पुन्हा काम शोधायचं म्हणत होते, पण पाऊल उचलत नव्हते. त्याबद्दल तुम्ही एक शब्द काढला नाहीत. मंडळात विषय वाटले गेले तेव्हा दुर्गा खोटे माझ्या नावावर कोणी टाकलं, ते मला सेक्रेटरीबाईंनी नंतर सांगितलं. छत्तिसाव्या वर्षी सासू होणारी बाई माझ्या टेबलावर आणून ठेवायची आणि स्वतः डाळ निवडत बसायची, ही तुमची रीत. आता मी एका हिशेब तपासनिसांच्या कचेरीत जाते. संगणक शिकवायला माझ्या लेकीच्या वयाची मुलगी आहे आणि ती मला "काकू, एंटर दाबा" असं ओरडते. पहिला पगार झाला तेव्हा पेढे घेऊन आले होते. तुम्ही "साखर आहे मला" म्हणत दोन खाल्लेत.

त्या दिवशी म्हणायचं राहिलं ते इथे म्हणते: बाई, मनापासून आभार.

आणि एक काम आहेच. पुढच्या वर्षी मंडळाने मला 'प्रभात'च्याच अभिनेत्री शांता आपटे हा विषय दिला आहे, यावेळी मीच मागून घेतला. 1939 मध्ये करारावरून त्या 'प्रभात'च्या दारात उपोषणाला बसल्या होत्या, त्याबद्दल तुमच्याकडे एक कात्रण आहे असं तुम्ही बोलता बोलता म्हणाला होता. रविवारी सुट्टी असते, दुपारी येईन. कपाटातलं मी उतरवीन, तुम्ही स्टुलावर चढू नका. सांडगे संपले असतील तर तेही सांगा, येताना आणते.

तुमची विद्यार्थिनी
(मागच्या बाकावरची, खिडकीकडची)