‘चॉर्टल’चा अर्थ अपुरा

महोदय,

आपल्या पुरवणीतील शब्दकोड्यात ‘चॉर्टल’ या इंग्रजी शब्दाचा अर्थ नुसता ‘मोठ्याने हसणे’ असा दिला होता, तो अपुरा वाटतो. सातमजली हसण्यासाठी इंग्रजीत ‘गफॉ’ हा स्कॉटलंडकडून आलेला, आवाजावरूनच बनलेला शब्द आहे. ‘चॉर्टल’मध्ये मात्र आवाजापेक्षा मनासारखे झाल्याची खुशी अधिक असते.

हा शब्द बोलीतून हळूहळू घडलेला नाही. ऑक्सफर्डमध्ये गणित शिकवणारे चार्ल्स डॉजसन, म्हणजेच लुईस कॅरल, यांच्या १८७१च्या अखेरीस निघालेल्या ‘थ्रू द लुकिंग-ग्लास’ या पुस्तकातील ‘जॅबरवॉकी’ या कवितेत तो प्रथम आला. अक्राळविक्राळ प्राण्याचे मुंडके घेऊन परतलेल्या मुलाला बाप मिठीत बोलावतो आणि आनंदाच्या भरात असे हसतो. गालात हसणे या अर्थाचा ‘चकल’ आणि नाकातून फुरफुरणे या अर्थाचा ‘स्नॉर्ट’ यांच्या मिश्रणातून तो झाला असावा, असे कोशकार मानतात. असावा म्हणायचे कारण असे, की त्याच पुस्तकात हम्प्टी डम्प्टी हे पात्र अशा जोडशब्दांना दोन कप्प्यांच्या प्रवासी बॅगेची उपमा देते खरे, पण उलगडा केवळ पहिल्या कडव्यातील शब्दांचा करते, आणि ‘चॉर्टल’ येतो पुष्कळ पुढे. याच कवितेतील ‘गॅलम्फ’ हा, धबधब उड्या मारत जाण्याचा, शब्दही इंग्रजीत रुळला आहे. तोही कधीतरी कोड्यात यावा.

आपला,
एक वाचक