डॉगवुडला मारते ती लॉनची हौस

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिकेत मुलांकडे एप्रिल-मे घालवून आलेले आईवडील दोन प्रश्न हमखास घेऊन येतात. दारातलं ते पांढऱ्या फुलांचं डॉगवुड आपल्याकडे रुजेल का? आणि मुलाने हौसेने लावलेलं झाड तिसऱ्या वर्षी का वाळलं?

पहिल्याचं उत्तर ‘नाही’ असं आहे. बी तीन-चार महिने ओलसर मातीत, फ्रिजच्या थंडीत ठेवलं तर रुजेलही. पण पानगळीनंतर झाडाला खरोखरीचा हिवाळा लागतो, तो पुण्या-नाशिकला नाही. शिवाय परवान्यावाचून आणि वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्रावाचून बी आणणं २००३च्या वनस्पती विलगीकरण आदेशात बसत नाही. भारतात डॉगवुडचा भाऊबंद पाहायचाच असेल तर कुमाऊँ-गढवालला जावं. तिथला भमोरा याच कुळातला.

दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा. झाड गेलं की दोष रोगाला दिला जातो. करपा हा बुरशीचा रोग आहेच. १९७०च्या दशकापासून त्याने पूर्व अमेरिकेतल्या जंगलांत डॉगवुडचा फडशा पाडला. मेरीलँडच्या कॅटॉक्टिन डोंगरातली बहुतेक झाडं गेली. तिथे तगलेल्या एका झाडापासून ‘अ‍ॅपलाचियन स्प्रिंग’ हा करप्याला दाद न देणारा वाण निघाला. घरच्या अंगणात मात्र झाड बहुतेक वेळा लॉनच्या काळजीपायी जातं.

हे मुळात उंच ओकांच्या सावलीत वाढणारं, उथळ मुळांचं झाड. आपण ते लॉनच्या मधोमध, दुपारच्या उन्हात लावतो. मग गवत कापणारा नायलॉन दोरीचा ट्रिमर खोडाची साल सोलतो. मेपासून डॉगवुड बोरर या खोडकिडीचे पतंग अशाच जखमांवर अंडी घालतात आणि अळ्या सालीखाली पोखरत जातात. सालीवर बारीक भुसा दिसला, एखादी फांदी वेळेआधीच लाल पडली, की ओळखावं. कोवळ्या खोडाला अळीने सर्व बाजूंनी वेढलं तर ते वाचत नाही. म्हणून खोडाभोवती किमान तीन फुटांपर्यंत गवत नकोच.

लॉनला घालतात तो चुनाही याला नको. याला मातीचा सामू (पीएच) साडेपाच ते साडेसहा लागतो. चुन्याने तो चढला की पानं पिवळी पडतात. तणनाशक मिसळलेलं लॉनचं खत तर त्याहून वाईट. त्यातली २,४-डी आणि डायकांबा ही रसायनं मुळांवाटे झाडात जातात, पानं पिळवटतात. नुसतं नत्र जास्त झालं तरी पाला माजतो, फुलं येत नाहीत आणि लुसलुशीत पानांवर भुरी येते. द्राक्षवाल्यांना हे नव्याने सांगायला नको.

लावताना घाई करू नये. वसंतात कळ्या फुटण्याआधी लावलेलं बरं. खड्डा मुळांच्या, मातीसकट बांधून आलेल्या गोळ्याच्या दुप्पट-तिप्पट रुंद, पण गोळ्याइतकाच खोल. खोड जिथे मुळांकडे पसरतं तो भाग जमिनीच्या वर दिसला पाहिजे. खोल लावलेलं झाड दोन-तीन वर्षं जगतं आणि मग कुढत मरतं, त्यामुळे कारण कुणाच्या लक्षातच येत नाही. गोळ्याभोवतीची तार आणि वरचं गोणपाट कापून काढावं. पहिले दोन उन्हाळे आठवड्याला इंचभर पाणी, तेही सकाळी बुडाशी. संध्याकाळी स्प्रिंकलरने पानं भिजवणं म्हणजे करप्याला आमंत्रण.

जुलै-ऑगस्टमध्ये पानांच्या कडा तपकिरी झाल्या की बरेच जण बुरशीनाशक आणायला धावतात. ती बहुधा नुसती तहान असते. करप्याची खूण वेगळी: जांभळ्या कडेचे तपकिरी डाग, आधी खालच्या फांद्या वाळणं, पानगळ झाली तरी डहाळ्यांना लटकून राहिलेली मेलेली पानं.

फुलं का येत नाहीत, याचं आणखी एक कारण म्हणजे कात्री. पुढच्या वर्षाच्या कळ्या उन्हाळ्यातच धरतात आणि पानगळीनंतर फांद्यांच्या टोकांना बटणांसारख्या दिसतात. हिवाळ्यात छाटणी केली की त्याच जातात. फुलं ओसरल्याबरोबर छाटावं. (आणि बोगनवेलीसारखंच इथेही आपण पाकळ्या समजतो ती रंगीत पानं असतात, खरी फुलं मध्यभागी, बारीक आणि हिरवट-पिवळी.)

जागा उन्हाचीच असेल तर अमेरिकन जातीचा हट्ट सोडून कौसा हे आशियाई डॉगवुड घ्यावं. ते महिनाभर उशिरा, पानं आल्यावर फुलतं आणि करप्यालाही सहजी बळी पडत नाही. दोन्हींच्या संकरातून न्यू जर्सीच्याच रटगर्स विद्यापीठात एल्विन ऑर्टन यांनी ‘स्टेलर पिंक’सारखे वाण काढले. मराठी घरांनी गजबजलेल्या एडिसनपासून ते विद्यापीठ हाकेच्या अंतरावर आहे, तरी नर्सरीत वाणाचं नाव विचारणारे विरळाच.

सध्या जे अमेरिकेत आहेत त्यांनी एवढं करावं: आच्छादन (मल्च) म्हणून खोडाला टेकवून रचलेला लाकडी भुशाचा ढीग हाताने मागे ओढावा. थर दोन-तीन इंचांचा पुरे, खोडापासून चार बोटं दूर. खालची साल ओलसर, मऊ लागली तर ती वाळेपर्यंत तशीच उघडी ठेवावी.

आपला,
बागकामाचा एक अभ्यासक,
न्यू जर्सी