कोणती बाटली, किती वाजता उघडली?

चि. निखिल यास अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर तू घाईत होतास, आणि मला सांगायचंय ते फोनवर उरकणारं नाही. म्हणून हे लिहिते. बाळ दगावलं, त्या घरावर काय ओढवलं असेल ते मी सांगायला नको. तू तिथे कॅमेरा न घेता गेलास, बरं केलंस. पण संध्याकाळी टीव्हीवर पट्टी फिरत होती, ‘लस टोचताच बालकाचा मृत्यू’. लस दिल्यावर दोन दिवसांनी बाळ गेलं, हे तूच मला सांगितलंस. आणि आता तुझे साहेब विचारतायत की आपल्या पेपरात बातमी अजून का नाही.

उपकेंद्रात जन्म गेला माझा, त्यामुळे आई नर्सचीच बाजू घेणार असं तुला वाटेल. वाटू दे. आधी मुल्कोवालची हकीकत वाच, मग काय ते ठरव.

परळची हाफकिन संस्था तुला माहीत आहे. ज्याचं नाव तिला आहे तो वाल्देमार हाफकिन ओडेसाचा. 1896 साली मुंबईत प्लेग आला तेव्हा ग्रँट मेडिकल कॉलेजात त्याने लस तयार केली आणि 10 जानेवारी 1897 रोजी पहिल्यांदा स्वतःलाच टोचून घेतली. मग भायखळ्याच्या तुरुंगातल्या कैद्यांना दिली. (कैदी ‘स्वखुशीने’ पुढे आले म्हणतात. तुरुंगातली स्वखुशी किती खरी, हा प्रश्न तेव्हा कोणी फारसा विचारला नाही. तू असतास तर विचारायला हवा होतास.) पुढे ही लस देशभर लाखोंना टोचली गेली.

30 ऑक्टोबर 1902. पंजाबातलं मुल्कोवाल गाव. पाच बाटल्यांतून 107 जणांना लस दिली. त्यातल्या एका बाटलीतून, 53एन तिचा क्रमांक, 19 जणांना दिली होती. त्या एकोणीसच्या एकोणीस जणांना धनुर्वात झाला आणि सगळे गेले. बाकीच्या 88 जणांना काहीही झालं नाही.

चौकशी बसली. बाटली परळच्या प्रयोगशाळेतच दूषित झाली असावी, असा निष्कर्ष निघाला आणि हाफकिनची तिथल्या प्रमुखाची खुर्ची गेली. खरं तर गावात बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. तो ज्योतीवर धरून तापवायचा असतो. त्याने नुसता कार्बोलिक या जंतुनाशकात बुडवून वापरला. आणि उघडताना डॉक्टरांनी बाटलीचा वास घेतला होता, घाण वास नव्हता. धनुर्वाताचे जंतू आत कित्येक आठवडे वाढत असते तर बाटली दुर्गंधीने भरली असती. हे सगळं जबानीत आलेलं होतं. पण सरकारने कागद वर्षानुवर्षं दाबून ठेवले. इकडे पंजाबात लोक लस घ्यायला पुढे येईनात, आणि त्याच पंजाबात पुढच्या काही वर्षांत प्लेगने लाखो माणसं नेली.

1907 साली रोनाल्ड रॉस या माणसाने लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये पत्रं लिहून हे प्रकरण धसास लावलं. मलेरियावरच्या कामासाठी 1902 चं नोबेल मिळालेला तोच रॉस. त्याच्याबरोबर इतर शास्त्रज्ञांनीही सह्या केल्या. हाफकिन दोषमुक्त झाला, पण परळची खुर्ची काही त्याला परत मिळाली नाही, कलकत्त्याला पाठवलं. संस्थेला त्याचं नाव दिलं ते 1925 साली.

मला यात हाफकिनइतकाच तो मदतनीस दिसतो. उन्हात, गर्दीत, हातातून चिमटा पडलेला. आजच्या लसीकरण सत्रात तो मदतनीस म्हणजे नर्सताई. म्हणून तुला आमची टेबलावरची रीत सांगते. गोवर-रुबेलाची लस पूड असते, ती सोबतच्या द्रावणातच विरघळवायची. उघडल्याची वेळ वायलवर, म्हणजे लसीच्या बाटलीवर, लिहायची. चार तासांनंतर उरलेली लस टाकायची, मग त्यात कितीही डोस शिल्लक असोत. कारण त्या उघड्या बाटलीत जंतू शिरले तर विष तयार होतं आणि बाळ काही तासांत जाऊ शकतं. लसीला किती उष्णता लागली ते दाखवायला वायलवर गोल असतो आणि त्याच्या आत चौकोन. चौकोन गोलाइतका गडद झाला की ती वायल बाद. हे तू प्रत्यक्ष एकदा बघून ये, म्हणजे प्रश्न आपोआप सुचतील. त्या दिवशी कोणती लस दिली? बॅच कोणती? वायल किती वाजता उघडली? त्याच वायलमधून आणखी कोणाला दिली, आणि ती बाळं कशी आहेत? या शेवटच्या प्रश्नाला सगळ्यात जास्त किंमत आहे. मुल्कोवालला 88 माणसं जिवंत होती, तीच साक्ष होती.

बाळाला आधीपासून काही होतं का, दूध पिताना ठसका लागला का, हेही विचार. पण आईला विचारू नकोस, निदान आता नको.

एक मात्र बजावते. ‘चौकशी चालू आहे’ हे वाक्य हातात ठेवून अधिकारी तुला दारातून परत पाठवतील. परत येऊ नकोस. शवविच्छेदन झालं का, वायल जपून ठेवली का, चौकशी समितीची बैठक कधी, हे विचारण्याचा तुझा हक्क आहे. मुल्कोवालला सरकारच गप्प बसलं होतं. लसीवरचा विश्वास टिकावा म्हणून माहिती दडपायची, हे मला आयुष्यभर पटलेलं नाही. लोकांना कळतंच, आणि मग ते सगळ्याच लसींना नाही म्हणतात.

वर्तमानपत्रांचंही तेच. 1998 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकात फक्त 12 मुलांवरचा एक निबंध छापून आला, गोवराची लस आणि ऑटिझम यांचा संबंध सुचवणारा. साप्ताहिकाने तो पूर्णपणे मागे घेतला 2010 मध्ये. पहिली बातमी घराघरांत पोचली होती. मागे घेतल्याची बातमी वाचलेला माणूस आमच्या गावात मला अजून भेटायचाय.

ज्या ताईने लस टोचली तिच्याशी बोल, पण तिचं नाव छापू नकोस. गावातले लोक तिच्या दारात गेलेत असं ऐकते. तिला विचार की तिने मुक्काम कुठे हलवलाय आणि तिच्या पोरांची शाळा चालू आहे का. तीही बातमीच आहे.

आणि अहवाल येईल तेव्हा तुझे साहेब म्हणतील, आता कोण वाचणार, सोड. तेव्हा भांड. पहिली बातमी ज्या पानावर लागली त्याच पानावर, तेवढ्याच मथळ्यात जागा माग. दोष लसीचा निघाला तरी, ताईचा निघाला तरी, आणि कोणाचाच नाही निघाला तरी.

रविवारी येणार असलास तर शनिवारीच कळव, बाबा बाजारात जातील. जेवण वेळेवर घेत जा.

तुझी,
आई