कॉलेजात आपल्याला मत का नाही?

बेळगाव,
२१ सप्टेंबर २०२५

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र गणपतीच्या गडबडीत आलं. मंडळाची वर्गणी, देखावा, मग विसर्जनाची मिरवणूक, जी आपल्याकडं दुसरा दिवस उजाडला तरी कपिलेश्वर तलावावर संपत नाही. त्यानंतर लगेच इंटर्नल्स लागल्या. उद्या घटस्थापना. पहाटे दुर्गामाता दौड सुरू झाली की पुन्हा नऊ दिवस झोप नाही, म्हणून आज अमावास्येची सुट्टी धरून लिहायला बसलोय.

तू लिहिलंस की काठमांडूच्या पोरांनी दोन दिवसांत सरकार पाडलं, आपल्यात मात्र ती धमकच नाही, आपण रील बघत बसलोय. हे वाक्य मला लागलं. कोल्हापुरात गेल्यापासून तू असं तोडून बोलायला लागलायस. पण लागलं म्हणून सोडून देणार नाही. पटलं नाही ते का पटलं नाही, हे तुला सविस्तर सांगायचंय.

नेपाळच्या बातम्या मी रोज सार्वजनिक वाचनालयात बसून वाचल्या. ४ सप्टेंबरला तिथल्या सरकारनं २६ सोशल मीडिया प्लॅटफॉर्म बंद केले. पण पोरं फेसबुकसाठी रस्त्यावर आली असं म्हणणं हा त्यांचा अपमान आहे. पुढाऱ्यांच्या मुलांची चैन एका बाजूला आणि आखातात मजुरीला जाणारी गावातली पोरं दुसऱ्या बाजूला, हा राग फार जुना होता. ८ तारखेच्या मोर्चात शाळेच्या गणवेशातली मुलंसुद्धा होती. त्या दिवशी पोलिसांनी गोळ्या झाडल्या आणि १९ माणसं गेली. दुसऱ्या दिवशी पंतप्रधान ओलींनी राजीनामा दिला, आणि त्याच दिवशी संसद, सिंहदरबार हे सरकारचं मुख्यालय आणि सुप्रीम कोर्ट पेटवलं गेलं. कोर्टातल्या खटल्यांच्या फायली जळाल्या. मंत्र्यांच्या नव्हेत गा, साध्या माणसांच्या फायली! कुणाची जमीन, कुणाची पोटगी, कुणाचा पगार. मेलेल्यांचा आकडा आता ७० च्या वर गेलाय.

मग सरकार कुणाच्या हाती द्यायचं याची चर्चा पोरांनी डिस्कॉर्डवर केली. गेम खेळणाऱ्यांसाठी निघालेल्या अ‍ॅपवर, बाहेर कर्फ्यू असताना, हजारो जण एकाच वेळी बोलतायत, आणि त्यातून नाव पुढं आलं सुशीला कार्कींचं. माजी सरन्यायाधीश, वय ७३, आणि आपल्या बनारस हिंदू विद्यापीठातून राज्यशास्त्रात एमए. माझाच विषय! १२ तारखेला त्यांनी शपथ घेतली आणि पुढच्या ५ मार्चला निवडणूक जाहीर झाली. त्या पोरांच्या धाडसाला मी हात जोडतो. पण सगळं जळून गेल्यावर, माणसं मेल्यावर, एका अ‍ॅपवर बसून ‘आता काय’ हे ठरवावं लागणं, हे मला हेवा करण्यासारखं वाटत नाही.

आता दुसरी बातमी सांगतो. तुझ्या पत्रात ती नाही, म्हणजे तू वाचली नसशील. ९ सप्टेंबरला, म्हणजे काठमांडूची संसद जळत होती त्याच दिवशी, ढाका विद्यापीठात विद्यार्थी रांगेत उभे राहून मतदान करत होते. केंद्रीय विद्यार्थी संसदेची निवडणूक, २८ पदं, सुमारे ४० हजार मतदार. याआधीची २०१९ ला झाली होती आणि त्याच्याही आधीची १९९० ला. गेल्या वर्षी आरक्षणाच्या प्रश्नावरून याच विद्यापीठातून आंदोलन पेटलं, ५ ऑगस्टला पंतप्रधान शेख हसीना देश सोडून गेल्या, आणि त्यात शेकड्यांनी पोरं मेली. एवढं सोसून झाल्यावर तिथल्या विद्यार्थ्यांनी लावून धरलेल्या मागण्यांत एक साधी मागणी होती: आमच्या विद्यापीठात आमची निवडणूक घ्या.

ढाक्याबद्दल मला पहिल्यापासून ओढ आहे, तुला माहीत आहे. २१ फेब्रुवारी १९५२ ला तिथं विद्यार्थी बंगाली भाषेसाठी गोळ्या खाऊन मेले. १९९९ मध्ये युनेस्कोनं तोच दिवस मातृभाषा दिन ठरवला. १७ जानेवारीला सीमालढ्यातल्या हुतात्म्यांना फुलं वाहायला आजोबांचं बोट धरून गेलेल्या पोराला ढाका परकं वाटणार कसं?

निकाल मात्र मला आवडला नाही. बहुतेक पदं इस्लामी छात्र शिबिराच्या पॅनेलनं जिंकली. धर्माच्या नावानं चालणाऱ्या संघटनेच्या हाती विद्यार्थ्यांचा कारभार जावा हे मला कुठल्याच देशात बरं वाटत नाही. पण मतपेटीतून आलेल्या माणसाला पुढच्या वेळी मतपेटीतूनच घालवता येतं. त्यासाठी काही जाळावं लागत नाही.

आणि आपण? १९८९ च्या मार्चमध्ये घटनेच्या ६१ व्या दुरुस्तीनं मतदानाचं वय २१ वरून १८ वर आलं. आणि त्याच सुमारास कर्नाटकात कॉलेजांतल्या विद्यार्थी निवडणुका बंद झाल्या. कारण दिलं गेलं कॅम्पसमधल्या मारामाऱ्यांचं. म्हणजे देशाचा पंतप्रधान ठरवायला मी शहाणा झालो, आणि वाचनकक्ष किती वाजता बंद व्हावा हे सांगायला नालायक ठरलो. मी जन्मायच्या आधीपासून हे असंच चाललंय. तुमच्याकडं महाराष्ट्रात २०१६ च्या विद्यापीठ कायद्यात निवडणुकीची तरतूद आहे म्हणतात, पण तुला तरी अजून मत द्यायला मिळालंय का? परवा १८ तारखेला दिल्ली विद्यापीठात मतदान झालं, निकालाच्या बातम्या आपल्या पेपरांत पहिल्या पानावर आल्या. दिल्लीच्या पोरांना जमतं ते आपल्याला जमणार नाही, असं कुणी आणि कशावरून ठरवलं?

वाचनकक्षाचं उदाहरण मनानं काढलेलं नाही. आमच्या कॉलेजचा वाचनकक्ष चार वाजता बंद होतो. शहरातल्या मुलांना फरक पडत नाही, ती घरी जाऊन अभ्यास करतात. आमच्या गावच्या बसला सहापर्यंत वेळ असतो आणि घरी गेल्यावर जनावरं, दूध, धाकट्यांचा अभ्यास. त्या दोन तासांची किंमत आम्हालाच माहीत. म्हणून आम्ही अर्ज केला. मजकूर कन्नडमध्ये लिहिला माझ्या बाकावरच्या बैलहोंगलच्या मित्रानं, कारण ऑफिसात कन्नड अर्ज लवकर पुढं सरकतो. खाली सह्या मराठीत, कन्नडमध्ये, आणि कॅम्पातल्या दोन मुलींच्या उर्दूत. तो कागद हातात घेऊन ऑफिसाकडं जाताना मला जे वाटलं ते कुठल्याही मोर्चात वाटलं नव्हतं. ऑफिसात विचारलं, तुम्ही कोण? आम्ही म्हटलं, विद्यार्थी. ते म्हणाले, सीआरला, म्हणजे वर्गप्रतिनिधीला पाठवा. आमचा सीआर सरांनी नेमलाय, मार्कांवरून. भला पोरगा आहे, पण तो आमच्यासाठी भांडणार का? त्याला कुणी निवडलेलंच नाही, तर तो कुणाला बांधील असणार! अर्जाचं पुढं काय झालं ते आजवर कळलेलं नाही.

हे असलं काम बारीक वाटेल तुला, जगात एवढ्या मोठ्या गोष्टी चालल्या असताना. पण मोठ्या गोष्टी शेवटी याच बारीक जागी येऊन पोचतात. अमेरिकेनं २७ ऑगस्टपासून आपल्या बऱ्याच मालावर ५० टक्के आयात शुल्क लावलं. उद्यमबागेतल्या फाउंड्रीत काम करणाऱ्या आमच्या शेजारच्या काकांचा ओव्हरटाइम बंद झाला, पुढच्या ऑर्डरी अडकल्यात म्हणून. त्यांची मुलगी बीकॉमला आहे. ओव्हरटाइमच्याच पैशातून तिची फी जायची. तिला फी दोन हप्त्यांत भरायची आहे, एवढंच. वॉशिंग्टनमध्ये घेतलेला निर्णय तिच्यापर्यंत यायला एक महिनासुद्धा लागला नाही. तिचं म्हणणं मात्र जिना चढून प्राचार्यांच्या खोलीपर्यंत जाईना. ती एकटी जायला लाजते, आणि तिच्या वतीनं जाणारं कुणी नाही. जगाच्या राजकारणावर आपण कट्ट्यावर तासन्‌तास बोलतो, ट्रम्पचं चुकलं, पुतिनचं चुकलं. बोलावंच. पण या मुलीसाठी कोण बोलणार?

तुझा आक्षेप मला आत्ताच ऐकू येतोय: बेळगावात निवडणूक घेतलीस तर दुसऱ्या दिवशी मराठी पॅनेल आणि कन्नड पॅनेल उभं राहील, आणि कॉलेज एक नोव्हेंबरच्या, म्हणजे कन्नडिगांचा राज्योत्सव आणि आपला काळा दिवस एकाच दिवशी असतो तेव्हाच्या, चौकासारखं होईल. ही भीती मी हसण्यावारी नेत नाही. फेब्रुवारीत बस कंडक्टरला झालेल्या मारहाणीनंतर दोन राज्यांच्या गाड्या बंद झाल्या होत्या आणि तू घरी येऊ शकला नव्हतास. एका भांडणाचे असे पडसाद उमटतात इथं. बेल्जियममध्ये लूव्हन नावाचं शेकडो वर्षांचं विद्यापीठ आहे. तिथं १९६८ मध्ये डच आणि फ्रेंच बोलणाऱ्यांचा वाद इतका वाढला की देशाचं सरकार कोसळलं, विद्यापीठाचे दोन तुकडे झाले आणि फ्रेंच भागासाठी नवं गावच वसवावं लागलं. ग्रंथालयसुद्धा वाटून घेतलं, आणि वाटणी कशी, तर सम क्रमांकाची पुस्तकं एकीकडं, विषम दुसरीकडं. एकाच ग्रंथमालेचे खंड दोन गावांत गेले! हे वाचून मला रात्रभर कसंतरी होत होतं.

तरीही मला वाटतं की आपल्या कॉलेजात उलटं होईल. आमच्या वर्गात मराठी मुलं पुष्कळ आहेत, कन्नड आहेत, उर्दू बोलणारी आहेत, खानापूरकडची कोकणी बोलणारीही दोन-चार आहेत. कुठल्याही एका भाषेच्या मतांवर कुणी निवडून येणार नाही. जिंकायचं असेल तर मला बैलहोंगल, सौंदत्तीच्या पोरांच्या बाकावर जाऊन कन्नडमध्ये बोलावं लागेल, आणि बैलहोंगलच्या त्या मित्राला कडोली, उचगावच्या पोरांपुढं मराठीत. सध्या दर एक नोव्हेंबरला मी काळी फीत लावून बाबांबरोबर फेरीत असतो आणि तो लाल-पिवळा शेला घालून चन्नम्मा सर्कलला. दोन तारखेला आम्ही एका बाकावर बसतो आणि त्याबद्दल एक शब्द बोलत नाही. ही शांतता चांगली नाही. त्याला माझ्या मताची गरज पडली तर तो मला विचारेल तरी, तुम्हाला नेमकं काय पाहिजे? मी सांगेन, सातबारा आणि सरकारी परिपत्रकं मराठीत पाहिजेत. लोकसंख्येत १५ टक्क्यांच्या वर अल्पसंख्याक असतील तिथं त्यांच्या भाषेत ती मिळावीत हे केंद्रानं १९५६ मध्येच मान्य केलंय. घटनेच्या ३५० ए कलमात मातृभाषेतल्या प्राथमिक शिक्षणाचं लिहिलंय. यात कन्नडचं काहीही काढून घ्यायचं नाही. सीमाप्रश्न २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे. माझं मत काय ते तुला ठाऊक आहे आणि ते बदललेलं नाही. पण निकाल कुठलाही लागला तरी हा पोरगा माझ्या शेजारीच राहणार.

मुलींचं एक वेगळं सांगायला पाहिजे. २०२३ च्या जूनपासून बायकांना बस मोफत झाल्यापासून आमच्या भागातल्या कितीतरी मुली शहरात कॉलेजला यायला लागल्या, ज्यांना ‘बारावी झाली, आता पुरे’ असं ऐकावं लागलं असतं. सकाळच्या बसला पाय ठेवायला जागा नसते, आम्ही दारात लोंबकळत येतो, पण त्याबद्दल माझी तक्रार नाही, गाड्या वाढवा एवढंच. उद्या मतदान झालं तर या मुली कुणाला निवडतील याची मला सगळ्यात जास्त उत्सुकता आहे. कारण वर्गात त्या आमच्यापेक्षा नीट तयारी करून येतात आणि सभेत मागच्या रांगेत बसतात.

गुंडगिरीची भीती घालणाऱ्यांना दाखवायला नियम तयार आहेत. विद्यार्थी निवडणुकांसाठी नेमलेल्या लिंगदोह समितीच्या शिफारशी सुप्रीम कोर्टानं २००६ मध्येच मान्य केल्या: उमेदवाराची हजेरी किमान ७५ टक्के, गुन्हेगारी रेकॉर्ड नको, खर्च ५ हजार रुपयांच्या आत, छापील पोस्टर नाही. एवढे नियम तर आपल्या ग्रामपंचायतीच्या निवडणुकीलाही कुणी पाळत नाही.

सोबत एका निवेदनाचा मसुदा पाठवतोय. मराठी मी लिहिलाय, कन्नड बैलहोंगलच्या मित्रानं. सुरुवात म्हणून निदान वर्गप्रतिनिधी तरी गुप्त मतदानानं निवडावा एवढीच मागणी ठेवली आहे, कारण ते प्राचार्य स्वतःच्या अधिकारात करू शकतील असं आम्हाला वाटतं. तू कायद्याचा विद्यार्थी, तेव्हा भाषा कुठं लंगडी पडते ते लाल पेनानं लिहून परत पाठव. तुमच्या २०१६ च्या कायद्यातलं निवडणुकीचं कलमही उतरवून पाठव, जोडायला उपयोगी पडेल. दसऱ्यानंतर कॉलेज उघडलं की सह्या घ्यायला सुरुवात करणार आहोत. दिवाळीला तू येशील तेव्हा बैलहोंगलचा तो मित्रही आमच्याकडं राहायला येतोय. आईनं मांड्यांचं कबूल केलंय. त्याच्याशी कन्नडमध्ये बोलायची तयारी ठेव.

काका-काकूंना नमस्कार सांग.

तुझाच,
बेळगावचा मित्र