आप्पांना नेब्रास्काहून पत्र: बोअर घ्यायच्या आधी वाचा

लिंकन, नेब्रास्का
मार्चचा शेवटचा आठवडा

ती. आप्पा आणि आई,
सा. न. वि. वि.

आप्पा, मागच्या रविवारी तुम्ही फोनवर विचारलंत की तू राहतेस ते राज्य आहे तरी कसं, बातम्यांत न्यूयॉर्क कॅलिफोर्निया सोडून कशाचं नाव येत नाही. आणि लगेच पुढं म्हणालात की तात्या वरच्या रानात सातशे फुटांचा बोअर घ्यायचं म्हणतायत. मग पाहुणे आले आणि बोलणं अर्धवट राहिलं. पण हे दोन विषय माझ्या डोक्यातून काही जाईनात, कारण या राज्याचं सगळं पोट जमिनीखालच्या पाण्यावरच आहे. म्हणून जरा सविस्तर लिहिते, आई वाचून दाखवेल, तात्यांना पण बसवा ऐकायला.

आधी राज्य. अमेरिकेच्या नकाशावर मधोमध बोट ठेवलं की नेब्रास्का. क्षेत्रफळ दोन लाख चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या दोन तृतीयांश, आणि माणसं किती तर २०२० च्या जनगणनेत साडेएकोणीस लाखांच्या थोडी वर! आपल्या एकट्या सोलापूर जिल्ह्यात २०११ ला त्रेचाळीस लाख होती, म्हणजे अख्ख्या राज्यात आपल्या जिल्ह्याच्या निम्मीसुद्धा माणसं नाहीत. त्यातली निम्म्याहून जास्त ओमाहा आणि लिंकन या दोन शहरांत आणि आसपास. बाकी रस्त्यानं तासभर गाडी चालवली तरी मका, सोयाबीन, कुरण, गुरं. गुरं माणसांच्या तिपटीपेक्षा जास्त आहेत.

पाऊस पूर्वेला बरा, आमच्या लिंकनला वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास, पण पश्चिमेकडं जाल तसा कमी होत होत चारशेवर येतो, म्हणजे आपल्या करमाळ्यापेक्षाही कमी. आणि तरी सगळ्या अमेरिकेत सगळ्यात जास्त बागायत क्षेत्र याच राज्यात आहे, ऐंशी लाख एकरांच्या घरात. आप्पा हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मला खरंच वाटेना, धरणं दिसत नाहीत कालवे फारसे दिसत नाहीत मग पाणी येतं कुठून.

तर पाणी खाली आहे. रॉकी पर्वतातून लाखो वर्षं नद्यांनी वाळू आणि गोटे वाहून आणून पसरले, त्या थरात पाणी साठलं, त्याला ओगालाला ॲक्विफर म्हणतात. ओगालाला हे इथलंच एक छोटं गाव, त्यावरून नाव पडलं. हा साठा साउथ डकोटापासून खाली टेक्सासपर्यंत आठ राज्यांच्या पोटात आहे, पण त्यातलं जवळपास दोन तृतीयांश पाणी एकट्या नेब्रास्काखाली. घमेल्यात वाळू भरून वरून पाणी ओतलं की कसं सगळीकडं सारखं मुरतं तसं ते आहे. आपल्याकडं तसं नाही हे तात्यांना नीट सांगा. आपल्याखाली काळा पाषाण, त्यात पाणी फक्त वरच्या मुरमात आणि भेगांत. दोनशे फुटांखाली भेग लागली तर लागली, नाही तर सातशे फूट म्हणजे नुसती धूळ आणि कर्ज. आणि लागलीच तर ते पाणी कित्येक वर्षांचं जुनं साठलेलं, एकदा उपसलं की लवकर भरत नाही.

मागच्या उन्हाळ्यात आमच्या डिपार्टमेंटकडून यॉर्कच्या बाजूला एका शेतावर गेलो होतो. तिथं पिव्होट जवळून बघितला. शेताच्या मधोमध विहीर, तिथून चारशे मीटर लांब पाइप, तो चाकांच्या उंच मनोऱ्यांवर उभा, प्रत्येक मनोऱ्याला छोटी मोटर आणि ट्रॅक्टरसारखे टायर, आणि हा सगळा सांगाडा घड्याळाच्या काट्यासारखा विहिरीभोवती हळूहळू फिरतो. इतका हळू की उभं राहून बघितलं तर हलतोय हे कळत नाही. पाइपातून नळ्या खाली सोडलेल्या, मक्याच्या तुऱ्याजवळ बारीक फवारा. एकशेसाठ एकरांच्या चौकोनात एकशेतीसच्या आसपास एकर भिजतं, चार कोपरे कोरडे राहतात. विमानातून खाली हिरवी गोल गोल वर्तुळं दिसतात ती हीच. फ्रँक झायबाक नावाच्या शेतकऱ्यानं हे यंत्र काढलं, १९५२ ला पेटंट मिळालं, आणि आज जगभर जाणारे पिव्होट बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या नेब्रास्कातल्याच आहेत.

पण आप्पा मला पिव्होटपेक्षा जास्त आवडलं ते विहिरीच्या तोंडाशी पाइपावर बसवलेलं एक मीटर. साधी तबकडी, त्यावर आकडे, किती पाणी उपसलं ते एकर-इंचात. एक एकरावर एक इंच पाणी उभं केलं तर ते झालं एकर-इंच, म्हणजे आपल्या हिशोबात एक लाख लिटरच्या थोडं वर. त्या शेतकऱ्यानं खिशातली डायरी काढून दाखवली, दर वर्षाचा आकडा लिहिलेला, आणि ते सांगताना त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती, आपल्या दुधाच्या डेअरीचा हिशोब आपण जसा सहज सांगतो तसंच.

हे मीटर बसवायला लावलं कोणी, तर त्यांच्याच लोकांनी. इथं राज्याचे तेवीस भाग पाडलेत, तालुका-जिल्ह्याच्या हद्दीनं नाही तर नद्यांच्या खोऱ्यांप्रमाणं, आणि प्रत्येक खोऱ्याला एक नॅचरल रिसोर्सेस डिस्ट्रिक्ट, सगळे नुसतं एनआरडी म्हणतात. त्याचं बोर्ड निवडणुकीनं येतं, त्यात बरेचसे शेतकरीच, खर्चासाठी जमिनीवरच्या टॅक्समधला वाटा मिळतो. नवीन विहिरीला परवानगी द्यायची का, मीटर सक्तीचं करायचं का, एकराला किती पाणी, हे हे बोर्ड ठरवतं. नैऋत्य कोपऱ्यात अप्पर रिपब्लिकन नावाचं खोरं आहे, तिथं पाणी झपाट्यानं खाली जायला लागलं तेव्हा त्यांनी चाळीसेक वर्षांपूर्वीच सगळ्या विहिरींना मीटर लावले आणि कोटा ठरवला, तो वर्षाला सरासरी तेरा इंचांच्या आसपास येतो. पण हिशोब एकेका वर्षाचा नाही धरत, काही वर्षांचा मिळून धरतात, म्हणजे पाऊस चांगला झाला की वाचवायचं आणि दुष्काळात ते वापरायचं. कायदा असा की जमीन ज्याची त्याला खालचं पाणी वापरायचा हक्क आहे, पण पाणी कमी पडलं तर सगळ्यांनी वाटून घ्यायचं.

ही एनआरडी सुरू झाली कधी माहितीये, १९७२ साली! तुम्ही बहात्तरच्या दुष्काळाचं नेहमी सांगता ना, सुकडी आणि खडी फोडायची कामं, आजोबांनी जनावरं सोडून दिली ते. त्याच वर्षी इथं हे चालू झालं, आणि आपल्याकडं त्याच दुष्काळातून विलासराव साळुंखेंनी पुरंदरला पाणी पंचायत उभी केली, जमिनीवर नाही तर घरातल्या माणसांवर पाणी वाटून. म्हणजे आपल्याला हे सुचलं नव्हतं असं अजिबात नाही. हिवरे बाजार आजही दरवर्षी पावसाचं पाणी मोजून कोणतं पीक घ्यायचं ते ग्रामसभेत ठरवतं, शेतीसाठी बोअर बंद. आपल्याकडं भूजलाचा कायदा २००९ चा आहे, पण आपल्या गावात कोणाच्या बोअरला मीटर बघितलाय का कधी?

सगळं इथलं गोड आहे असं नाही लिहीत. पाणी टिकलं त्याला निसर्गाचाही हात आहे. उत्तरेला सँडहिल्स म्हणून पन्नास हजार चौरस किलोमीटर वाळूच्या टेकड्या आहेत, वर गवत धरलेलं, पडेल तो पाऊस सरळ आत मुरतो. हे नशीब कॅन्ससला आणि टेक्सासला नाही, तिथं काही भागांत विहिरी कोरड्या पडल्यात. आणि रिपब्लिकन नदीवरून नेब्रास्का आणि कॅन्ससचं भांडण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं, १९४३ चा करार असूनही नेब्रास्कानं जास्त पाणी उचललं म्हणून २०१५ ला पंचावन्न लाख डॉलर द्यायला लागले. मक्याला नत्राची खतं ओतून ओतून बऱ्याच गावांच्या पिण्याच्या पाण्यात नायट्रेट वाढलंय, त्याचं प्रकरण फार गंभीर आहे. मका तरी जातो कुठं, तर मोठा भाग गुरांच्या पोटात आणि इथेनॉलमध्ये. आपले कारखाने उसाचं करतात तसं इथं मक्याचं.

आणि ही जमीन मुळात कोणाची होती ते लिहिल्याशिवाय पुढं जाववत नाही. पॉनी, ओमाहा, ओटो, पोंका, लकोटा असे लोक इथं राहायचे. १८६२ च्या होमस्टेड कायद्यानं एकशेसाठ एकर जवळजवळ फुकट मिळायला लागली, पाच वर्षं राहा, कसा आणि नावावर करून घ्या, मग युरोपातून लोकांची रीघ लागली. १८६७ ला राज्य झालं. झाडं नव्हती म्हणून त्या लोकांनी गवताच्या मुळांसकट मातीच्या विटा कापून घरं बांधली, ते हाल वाचताना जीव तुटतो. पण त्यांना जमीन मिळाली ती दुसऱ्यांना हाकलून. १८७७ मध्ये पोंका लोकांना आजच्या ओक्लाहोमात नेऊन टाकलं, तिथं उपासमार आणि तापानं कितीतरी माणसं गेली. त्यांचा प्रमुख स्टँडिंग बेअर, त्याचा मुलगा वारला, मरताना म्हणाला मला आपल्या मातीत पुरा. बाप भर थंडीत मुलाची हाडं घेऊन थोड्या माणसांबरोबर शेकडो मैल चालत निघाला, वाटेत सैन्यानं धरलं. १८७९ ला ओमाहाच्या कोर्टात केस चालली, मुद्दा हा की इंडियन, म्हणजे इथला मूळ रहिवासी, कायद्यानं माणूस आहे का! तो कोर्टात हात वर करून म्हणाला की हा हात तुमच्या रंगाचा नाही पण टोचलं तर मलाही दुखेल, रक्त तुमच्यासारखंच येईल. न्यायाधीश डंडी यांनी निकाल दिला की होय, माणूस आहे, सोडा त्याला. लिंकनमध्ये त्याचा पुतळा आहे, मी तिथून जाते तेव्हा थांबते.

इथल्या विधानभवनाचा मनोरा एकशेबावीस मीटर उंच, त्याच्या टोकावर राजा नाही, सेनापती नाही, हातानं बी फेकत पेरणारा शेतकरी आहे, ब्राँझचा. आप्पा, हा तुम्हाला दाखवायचाच आहे मला. खाली सभागृह एकच, विधान परिषद नाही. १९३४ मध्ये लोकांनी मतदान करून दोनाचं एक केलं, सगळ्या अमेरिकेत असं हे एकच राज्य, आणि उमेदवाराच्या नावापुढं पक्ष लिहीत नाहीत. लोकांना वीज पुरवणाऱ्या संस्थासुद्धा सगळ्या राज्यात सार्वजनिक मालकीच्या किंवा सहकारी, खाजगी कंपनी नाही.

आई, तुझ्यासाठी. थंडीचं तू विचारतेस, जानेवारीत उणे वीसपर्यंत जातं, आता मात्र बरं आहे, स्वेटरवर भागतं. यझिदी म्हणून इराकमधला एक छोटा धर्मसमाज आहे, त्यातलं एक कुटुंब शेजारी राहतं, तिथून जीव वाचवून आलेलं, अमेरिकेतले सगळ्यात जास्त यझिदी लिंकनमध्येच आहेत, त्या काकू तंदूरची गरम रोटी देतात आणि मी त्यांना थालीपीठ देते. आणि इथं मुलींच्या व्हॉलीबॉलला २०२३ मध्ये ब्याण्णव हजारांवर लोक स्टेडियममध्ये आले होते, बायकांच्या खेळाला एवढी गर्दी म्हणजे जागतिक विक्रमच, असं तेव्हा म्हणाले. तू शाळेत कबड्डी खेळायचीस आणि आजोबांनी बंद केली, तुझी फार आठवण आली गं हे वाचून.

मागच्या शनिवारी पहाटे प्लॅट नदीवर क्रौंच बघायला गेलो. दर मार्चला पाच लाखांच्या वर येतात, टेक्सास-मेक्सिकोकडून उत्तरेला जाताना इथं काही आठवडे थांबतात, शेतात सांडलेला मका खाऊन अंगावर मांस धरतात. रात्री नदीच्या उथळ पाण्यात उभे राहून झोपतात, म्हणजे कोल्हा आला तर पाण्याच्या आवाजानं कळतं. उजाडायला लागलं की आधी एकच ओरडतो, मग सगळी नदी. उजनीवर भिगवणला रोहित बघायला तुम्ही मला सायकलवर बसवून नेलं होतं आप्पा, तेच आठवलं. पण वरच्या धरणांनी आणि उपशानं ही नदी पूर्वीच्या मानानं खूप आक्रसलीय, पात्रात झाडोरा माजतो, तो दरवर्षी मशीन लावून काढावा लागतो तेव्हा पक्ष्यांना उतरायला जागा होते.

तर तात्यांना माझं एवढं सांगा. बोअरचे दोन-अडीच लाख लगेच घालू नका. आधी आपल्या आणि शेजारच्या विहिरींची पातळी दर पंधरा दिवसांनी दोरी सोडून मोजा आणि वहीत लिहा, मी फोनवर विचारीन. भूजल सर्वेक्षणवाल्यांना सोलापूरहून एकदा बोलवा. ओढ्यावरचा जुना बांध गाळानं भरलाय तो काढायला किती लागतील ते बघा, त्यातले निम्मे मी पाठवते. आणि वरच्या रानात ऊस नको, ज्वारी-तूर घ्या एक वर्ष, तात्या चिडतील, चिडू दे, मी बोलते त्यांच्याशी. बांधावरच्या सहा घरांनी मिळून एकदा बसलात तर आणखी चांगलं, देशमुखांच्या बोअरनं आपली विहीर आटली की आपल्या बोअरनं त्यांची, हे मोजल्याशिवाय कळणार नाही.

पाडव्याला व्हिडिओ कॉल करते, तुमच्या सकाळी आठला. आई, मेतकूट संपलं, येणाऱ्या कोणाबरोबर तरी पाठव. आजीला नमस्कार, पिंट्याला अभ्यासाला बसव.

तुमची,
सुमी