वेल्ड तपासायला कुणीतरी ठेवा

मा. संपादक,
स.न.

जप्त केलेल्या सायलेन्सरवर रोलर फिरवल्याचे फोटो पेपरात अधूनमधून येतात, ते बघून मला तरी बरंच वाटतं. रात्री एफसी रोडवर बुलेटचे फटाके फोडत जाणाऱ्यांबद्दल काडीचीही सहानुभूती नाही, १७५ सीसीच्या वरच्या नव्या गाडीला कंपनीतून बाहेर पडतानाच ८० डेसिबलची मर्यादा असते आणि हे लोक त्याच गाडीला आतली जाळी काढलेली पुंगळी लावून अख्खी सोसायटी उठवतात. खुशाल फिरवा रोलर.

माझी तक्रार वेगळी आहे. फोटोखाली ‘मॉडिफाइड गाड्यांवर कारवाई’ असं सरसकट लिहितात आणि त्यात दोन पान्यांनी अर्ध्या तासात सायलेन्सर बदलणारा आणि महिनोन्महिने फ्रेमवर काम करून पुढचं चाक लांब काढलेला चॉपर बनवणारा बिल्डर एकाच ओळीत बसतो. मी स्वतः पिंपरीला टूलरूममध्ये नोकरी केली, आता रिटायर झालोय, आणि नऱ्हे-धायरीकडे पत्र्याच्या शेडमध्ये चालणाऱ्या अशा एका छोट्या गॅरेजात माझी उठबस असते. मालक औंध आयटीआयचा, हाताखाली दोन पोरं. गिऱ्हाईक बहुतेक हिंजवडीचं, जुनी बुलेट नाहीतर अ‍ॅव्हेंजर घेऊन येतात आणि मोबाईलवर अमेरिकन चॉपरचा फोटो दाखवून म्हणतात असं पाहिजे.

आता ‘असं’ म्हणजे काय ते सांगतो, कारण सगळं घोडं तिथंच अडतं. साध्या गाडीचा पुढचा फोर्क (चाक धरणारे दोन दांडे) उभ्या रेषेपासून पंचवीस-सत्तावीस अंश कललेला असतो, त्याला रेक म्हणतात. हँडल ज्या रेषेभोवती फिरतं ती रेषा खाली जमिनीपर्यंत नेली तर ती टायर टेकतो त्या जागेच्या थोडी पुढे लागते, हे अंतर म्हणजे ट्रेल, नेहमीच्या गाडीत साधारण १०० मिलिमीटर धरा. या अंतरामुळेच गाडी सरळ चालते. चॉपरला फोटोतल्यासारखा लांब फोर्क हवा म्हणून हेडस्टॉक, म्हणजे हँडल बसतं ती फ्रेमची पुढची नळी, कापून रेक ४० अंश केला आणि फोर्क धरणारी टी जुनीच ठेवली तर तेवढ्याच चाकावर ट्रेल जवळजवळ दुप्पट होतो, कागदावर त्रिकोण काढून कुणीही बघावं. हायवेला गाडी रेल्वेसारखी सरळ जाते पण सिग्नलला हँडल एका बाजूला धपकन पडतं आणि यू टर्नला अख्खा लक्ष्मी रोड कमी पडतो. याच्या उलटं पण होतं. कुणीतरी हेडस्टॉकला हात न लावता फक्त जास्त कोनाची टी आणून बसवतो, दिसायला फोर्क पुढे गेला, पण ट्रेल घटतो आणि स्पीडला हँडल थरथरायला लागतं. पहिली गाडी चालवणाऱ्याला दमवते, दुसरी मारते. बघणाऱ्याला दोन्ही सारख्याच भारी दिसतात.

तेच वेल्डिंगचं. हेडस्टॉक कापला की चांगला कारागीर फ्रेम आधी जिगवर (माप हलू न देणाऱ्या साच्यावर) बांधतो, पाइपच्या जोडात आतून घट्ट बसणारा तुकडा घालतो, टिग वेल्डिंगने भरतो आणि वरून गसेट, म्हणजे आधाराची पट्टी, लावतो. वाईट कारागीर आर्क वेल्डिंगचा रॉड फिरवतो, ग्राइंडर मारतो, पुट्टी भरतो आणि वर काळा ग्लॉस पेंट. रंग झाल्यावर मी टूलरूममध्ये आयुष्य काढलेला माणूससुद्धा डोळ्यांनी दोन्हीतला फरक सांगू शकणार नाही. रंगाआधी सांगता येतो, डाय पेनिट्रंट नावाची साधी टेस्ट आहे, लाल डाय मारायचा, पुसायचा, पांढरा डेव्हलपर मारायचा, वरपर्यंत आलेली चीर असेल तर लाल रेघ उमटते. भोसरीत फॅब्रिकेशनच्या कितीतरी शॉपमध्ये हे रोजचं काम आहे, काही रॉकेट सायन्स नाही. त्यात चॉपर बऱ्याचदा हार्डटेल असतो, म्हणजे मागचं चाक धरणारा चिमटा आणि मागचे शॉकअप काढून टाकलेले, म्हणजे खड्ड्याचा प्रत्येक दणका थेट फ्रेमला. आणि आपले स्पीडब्रेकर! इंडियन रोड काँग्रेसच्या नियमात ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असा ऐसपैस स्पीडब्रेकर सांगितलाय, आपल्या सोसायट्यांच्या दारात डांबराची वरवंट्याएवढी उंची करून ठेवतात. असो, तो वेगळ्या पत्राचा विषय.

तर कायदा काय म्हणतो. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२, कंपनीने दिलेला जो तपशील आरसी बुकात आहे त्याच्याशी न जुळणारा बदल मालकाने करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टानेही हेच पक्कं केलं. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती होऊन कलम १८२अ नव्याने लिहिलं गेलं, बेकायदा बदल केला तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही. त्यात भर म्हणजे चासी नंबर बऱ्याच गाड्यांना हेडस्टॉकवरच ठोकलेला असतो आणि चॉपर करताना हात घालायचा तो नेमका तिथेच.

कायदा चुकीचा आहे असं मी म्हणत नाही. कोर्टानेही जे लिहिलंय तेच वाचलं. पण परिणाम काय झालाय बघा, सगळंच बेकायदा असल्यामुळे तपासत कुणीच नाही. जिगवर फ्रेम बांधणारा आणि पुट्टी भरणारा दोघंही सारखेच गुन्हेगार, मग गिऱ्हाइकाने जास्त पैसे मोजून पहिल्याकडे का जावं? आमच्या धायरीवाल्याने दोन-चार गिऱ्हाइकांना सरळ सांगितलं की एवढा रेक या फ्रेमला देणार नाही, तर ते पलीकडच्या गल्लीत गेले आणि तिथे झालं काम. आज त्या गाड्या रस्त्यावर आहेत, तुमच्या-माझ्या शेजारून जातायत.

जर्मनीत अशी एकच बनवलेली गाडी टीयूव्ही या तपासणी संस्थेचा इंजिनिअर तपासतो आणि बदल गाडीच्या कागदावर चढतो. इंग्लंडमध्ये एकेका मोटरसायकलच्या मंजुरीची वेगळी टेस्ट आहे. आपल्याकडे अशी मुभा देणारच नाहीत असंही नाही, २०२१ मध्ये केंद्राने पन्नास वर्षांवरच्या व्हिंटेज गाड्यांसाठी स्वतंत्र नोंदणी आणलीच की, २०,००० रुपये फी, दहा वर्षांची मुदत, नंबर प्लेटवर व्हीए अक्षरं, आणि रोजच्या वापराला बंदी. त्या नियमात मूळ गाडीच हवी, चॉपर बसत नाही, पण हौसेच्या गाडीसाठी वेगळी चौकट करता येते हे सरकारनेच दाखवलंय. तसंच चॉपरला करा. वर्षाला थोड्याच गाड्या, फी दणदणीत ठेवा, रंगाच्या आधी उघड्या फ्रेमची तपासणी, रेक-ट्रेलची मापं, ब्रेक, आवाज, आणि पास झाली तरच आरसीवर नोंद. तपासायला एआरएआय ही १९६६ साली स्थापन झालेली गाड्यांच्या चाचणीची संस्था आपल्याच वेताळ टेकडीवर आहे, कंपन्यांच्या गाड्या तिथे मंजुरीसाठी जातातच.

कुणी म्हणेल की अजून एक शिक्का म्हणजे अजून एक एजंट. होईल तसंही, आरटीओच्या दारात उभं राहिलेल्या माणसाला हे नाकारता येणार नाही. पण आज एजंटपण नाही आणि तपासणीपण नाही, आणि गाडी मात्र आहे.

कायदा दिल्लीत बदलायचा, त्याला वेळ लागणार हे कळतं. तोवर पोलिसांनी आणि तुम्ही बातमीदारांनी एवढं करावं, सायलेन्सर आणि फ्रेम वेगळे लिहावेत. नुसतं ‘मॉडिफाइड’ नको, नेमका कुठला भाग बदललाय ते लिहा, दंड तसाही दर बदलामागेच आहे. म्हणजे निदान शहरात कापलेल्या फ्रेमच्या गाड्या किती सापडतात याचा आकडा तरी कुणाकडे तयार होईल.

आपला,
एक निवृत्त टूलरूम फिटर, सिंहगड रोड, पुणे